लघुतम साधारण विभाज्य : भेटीचें गणित

शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या अंकगणितांत कांहीं प्रकरणें अशीं आहेत कीं, तीं पुष्कळांना येतात, पण थोड्यांनाच समजतात. लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडीं रुळलेला ल. सा. वि., हें अशांपैकींच एक प्रकरण होय. दिलेल्या संख्या एका ओळींत मांडाव्या, डाव्या हातास दोन, तीन, पांच असे भाजक घेत घेत खालीं उतरावें, आणि भागण्यासारखें कांहीं उरलें नाहीं म्हणजे डावीकडील भाजक व तळाशीं उरलेले आंकडे यांचा गुणाकार करावा. ही कृति विद्यार्थी बिनचूक करून दाखवितो. परंतु "हें जें उत्तर आलें, तें कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे?" असें त्याला विचारलें म्हणजे तो गप्प बसतो. पुढें अपूर्णांकांची बेरीज आली कीं, हेंच अज्ञान त्याच्या आड येतें; आणि अपूर्णांक कच्चे राहिले कीं, बीजगणितहि कच्चें राहतें. मग घरांत "याला गणितांत गति नाहीं" असा निकाल दिला जातो. वास्तविक त्या मुलाला कृति मिळालेली असते, अर्थ तेवढा कोणीं दिलेला नसतो.

गोंधळाचें पहिलें कारण नांवांतच आहे. 'लघुतम' म्हणजे सर्वांत लहान. म्हणून १२ आणि १८ यांचा ल. सा. वि. विचारला असतां मूल एखादी लहानशी संख्या शोधूं लागतें आणि ६ असें उत्तर देऊन मोकळें होतें. उलट 'महत्तम साधारण विभाजक', ज्याला जुन्या पुस्तकांत दृढभाजक म्हणत, तो मोठा असला पाहिजे असें त्याला वाटतें आणि तेथें तें ३६ सांगतें. आंकडे दोन्ही बरोबर आहेत. फक्त त्यांची अदलाबदल झाली आहे. ही चूक टाळावयाची तर विशेषणाच्या आधीं नामाकडे पाहावें. विभाज्य म्हणजे जिला दिलेल्या संख्येनें निःशेष भाग जातो ती संख्या. १२ चे विभाज्य १२, २४, ३६, ४८ असे वाढतच जातात. त्यांना शेवट नाहीं. म्हणून सर्वांत मोठा साधारण विभाज्य कोणता, हा प्रश्नच संभवत नाहीं; विचारावयाचा तर सर्वांत लहानच विचारला पाहिजे. विभाजकांचें उलट आहे. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६ आणि १२ एवढेच. साधारण विभाजकांतला सर्वांत लहान नेहमीं १ च असणार. तो विचारण्यांत कांहीं अर्थ नाहीं. म्हणून तेथें सर्वांत मोठा विचारावयाचा. एवढें एकदां उमगलें कीं, त्या लांबलचक नांवांचें भय उरत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. घरांत कोणी आजारी आहे, अशी कल्पना करावी. डॉक्टरांनीं एक औषध दर ६ तासांनीं व दुसरें दर ८ तासांनीं द्यावयास सांगितलें आहे. सकाळीं ६ वाजतां दोन्ही औषधें एकदम दिलीं. तीं पुन्हां एकाच वेळीं केव्हां द्यावीं लागतील? पहिल्याची वेळ ६, १२, १८, २४ तासांनंतर येते. दुसऱ्याची ८, १६, २४ तासांनंतर. म्हणजे दोहोंची गांठ २४ तासांनीं, दुसऱ्या दिवशीं सकाळीं ६ वाजतां पडते. शुश्रूषा करणाऱ्या गृहिणीनें एका दिवसाचा तक्ता लिहून भिंतीस लावला, तर तोच दररोज चालतो. दुसरें औषध दर ७ तासांनीं द्यावयाचें असतें, तर ही गांठ ४२ तासांनीं पडली असती, आणि आजचा तक्ता उद्यां निरुपयोगी ठरला असता. दोन निरनिराळ्या गतींनीं चालणाऱ्या गोष्टी एकदां भेटून सुटल्यावर पुन्हां प्रथम केव्हां भेटतील, हा तो प्रश्न, आणि ल. सा. वि. हें त्याचें उत्तर.

येथें चौकस मुलाच्या मनांत एक शंका यावी. ६ आणि ८ यांचा गुणाकार ४८. ४८ तासांनीं तर दोन्ही औषधें एकत्र येतातच. मग गुणाकार करून मोकळें कां होऊं नये? गुणाकार हा केव्हांहि भेटीचा क्षण असतोच, हें खरें. पण ती पहिलीच भेट असेल असें नाहीं. येथें पहिली भेट ४८ च्या निम्म्या वेळांतच होऊन गेली. तसें होण्याचें कारण असें कीं, ६ म्हणजे दोनदोनाचीं तीन पावलें आणि ८ म्हणजे दोनदोनाचीं चार पावलें. दोघांचें पाऊल एकच, दोनाचें. ३ आणि ४ यांच्यांत समाईक कांहीं नाहीं, म्हणून तीं बारा पावलांवर भेटतात. आणि बारा पावलें म्हणजे २४. गुणाकार करतांना तें समाईक २ एकदां सहामधून आणि पुन्हां एकदां आठामधून असें दोनदां मोजलें गेलें. जें दोघांचें मिळून आहे तें एकदांच मोजावें, एवढेंच या सबंध प्रकरणाचें सार आहे. संख्यांमध्यें समाईक भाग जितका मोठा, तितकी त्यांची भेट गुणाकाराच्या अलीकडे. समाईक कांहींच नसेल, तर भेट थेट गुणाकारापाशीं.

मूळ अवयव पाडले म्हणजे हें डोळ्यांना दिसूं लागतें. १२ म्हणजे २ × २ × ३. १८ म्हणजे २ × ३ × ३. ज्या संख्येला १२ नें भाग जावयाचा आहे, तिच्यांत दोन वेळां २ आणि एकदां ३ हवा. १८ नें भाग जावयाचा तर एकदां २ आणि दोन वेळां ३ हवा. दोघांचीहि मागणी कमींत कमी खर्चांत पुरविणारी संख्या २ × २ × ३ × ३, म्हणजे ३६. दोघांचा गुणाकार २१६. समाईक ६ नें त्याला भागलें कीं ३६ च येतात. दोन संख्यांचा गुणाकार हा त्यांच्या महत्तम साधारण विभाजकाच्या व लघुतम साधारण विभाज्याच्या गुणाकाराएवढा असतो, हा नियम यांतूनच निघतो. युक्लिडानें ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास रचलेल्या ग्रंथाच्या सातव्या भागांत दोन संख्यांचा लघुतम विभाज्य काढण्याची रीत याच विचारावर उभारलेली आहे.

मात्र हा नियम दोन संख्यांपुरताच आहे, हें विसरूं नये. ४, ६ आणि १० या तीन संख्यांचा गुणाकार २४०, महत्तम साधारण विभाजक २, पण ल. सा. वि. १२० नसून ६० आहे. कारण तो २ तिन्ही संख्यांत असल्यामुळें गुणाकारांत एकदां नव्हे, दोनदां जास्त आलेला आहे. म्हणून संख्या कितीहि असोत, उपयोगी पडेल अशी एक कसोटी आईबापांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. आलेल्या उत्तराला दिलेल्या प्रत्येक संख्येनें भागून पाहावें. भाग निःशेष गेला पाहिजे, हें तर उघडच आहे. पण जे भागाकार येतील, त्या सर्वांना मिळून १ वांचून दुसरा साधारण विभाजक असतां कामा नये. मुलानें १२ आणि १८ यांचें उत्तर ७२ काढलें, तर भागाकार ६ आणि ४ येतात. दोहोंनाहि २ नें भाग जातो. अर्थात् ७२ ही भेट खरी, पण दुसरी. ३६ घेतल्यास भागाकार ३ आणि २ येतात. त्यांत समाईक कांहीं नाहीं. म्हणून ३६ ही पहिली भेट. ४, ६, १० यांच्या उदाहरणांत ६० ला भागून १५, १० आणि ६ येतात. या तिघांना एकदम भागणारी संख्या १ च आहे. उत्तर तपासण्यास पुस्तकाचें शेवटचें पान उलटण्याची आवश्यकता नाहीं.

अपूर्णांकांच्या बेरजेंत ल. सा. वि. कशाला लागतो, हेंहि आतां सहज कळण्यासारखें आहे. छेद म्हणजे नाण्याची जात. निरनिराळ्या जातीचीं नाणीं एकाच जातींत मोडून घेतल्यावांचून त्यांची बेरीज होत नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं, तोंपर्यंत भारतांत रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै होत्या. रुपयाचा चौथा हिस्सा म्हणजे ४ आणे. पण तिसरा हिस्सा आण्यांत बसत नसे, तो ५ आणे ४ पै. दोहोंची बेरीज करावयाची तर पैपर्यंत उतरावें लागे: ४८ आणि ६४ मिळून ११२ पै, म्हणजे रुपयाचे ७/१२. चौथाई व तिहाई दोन्ही ज्या मापांत निःशेष मोजतां येतात, असें सर्वांत कमी भागांचें माप म्हणजे बारावा हिस्सा. तेंच ल. सा. वि. चें काम. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ केलेल्या पिढीला ही मोडतोड तोंडीं येत असे. त्या पाढ्यांतून दोनाच्या व चाराच्या हिश्श्यांची संवय पक्की होई. तिसऱ्या हिश्श्याची सोय आण्याच्या बारा पैंनीं केलेली होती.

एखाद्यानें ५/१२ आणि ७/१८ यांची बेरीज छेदांचा सरसकट गुणाकार करून केली, तर ९०/२१६ आणि ८४/२१६ मिळून १७४/२१६ येतात, आणि मग अंश-छेदांस ६ नें भागून २९/३६ मिळतात. ३६ छेद घेणाऱ्यास १५ आणि १४ मिळून २९ एकदम दिसतात. पहिल्यानें समाईक ६ आधीं दोनदां आंत घेतले आणि मग एकदां बाहेर काढले. उत्तर चुकलें नाहीं; श्रम मात्र दुप्पट झाले, आणि मोठ्या आंकड्यांत चुकण्याचा धोका वाढला.

या काटकसरीची जाणीव भारतीय गणितज्ञांना फार पूर्वींपासून होती. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळीं, महावीराचार्य या जैन गणितज्ञानें 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. छेदांच्या लघुतम साधारण विभाज्यास त्यानें 'निरुद्ध' असें स्वतंत्र नांव दिलें, आणि छेदांतील साधारण अवयव व त्यांनीं भागून उरलेले भाग यांच्या गुणाकारानें तो काढावा, असें सांगितलें. शाळेंतील आजची भागाकाराची शिडी ती हीच. इ. स. ११५० मध्यें पूर्ण झालेल्या 'लीलावतीं'त भास्कराचार्यांनीं प्रथम एकमेकांच्या छेदांनीं गुणण्याची साधी रीत दिली आहे. पण सुज्ञानें साधारण अवयवानें संक्षेप केलेल्या छेदांनीं गुणावें, अशी पुस्तीहि जोडली आहे. चाळीसगांवाजवळ पाटण येथें इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापल्याची नोंद त्यांत आहे. म्हणजे हा धडा खानदेशांत आठशें वर्षांपूर्वीं शिकविला जात होता.

पुन्हां भेट केव्हां, हा प्रश्न अपूर्णांकांहूनहि थोर अशा एका क्षेत्रांत माणसाला पडत आलेला आहे. तें क्षेत्र म्हणजे कालगणना. चीनच्या परंपरागत पद्धतींत वर्षाला दोन नांवांची जोडी देतात. एक नांव दहांच्या माळेंतलें, दुसरें बारांच्या माळेंतलें. दरवर्षीं दोन्ही माळा एकेक मणी पुढें सरकतात. दहा आणि बारा यांच्या जोड्या १२० होऊं शकतात. पण १० व १२ यांत २ समाईक असल्यामुळें साठाव्या वर्षानंतर पहिलीच जोडी परत येते, आणि उरलेल्या साठ जोड्या कधींच प्रगट होत नाहींत. इ. स. १९८४ मध्यें असें एक चक्र सुरू झालें. पुढचें २०४४ मध्यें होईल. भारतीय पंचांगांतील प्रभवापासून क्षयापर्यंतचीं संवत्सरेंहि साठच आहेत. गुरूची प्रदक्षिणा स्थूल मानानें १२ वर्षांची धरली, तर साठ वर्षांत त्याच्या पांच प्रदक्षिणा होतात. शनीची स्थूल मानानें ३० वर्षांची धरली, तर त्याच्या दोन होतात. १२ आणि ३० यांचा ल. सा. वि. ६० च आहे.

मेक्सिकोमध्यें याच गणितानें एका अख्ख्या लोकसमूहाचा श्वास रोखून धरलेला होता. तेथील आझटेक लोक दोन वर्षें एकाच वेळीं मोजीत. एक ३६५ दिवसांचें, दुसरें धार्मिक कृत्यांचें २६० दिवसांचें. हें २६० दिवसांचें वर्ष १३ अंक व २० दिननांवें यांच्या जोडीनें झालेलें. १३ आणि २० यांत समाईक कांहीं नाहीं, म्हणून तेथें २६० च्या २६० जोड्या येत. ३६५ आणि २६० यांत मात्र ५ समाईक आहेत. म्हणून दोन्ही वर्षांचे आरंभ १८,९८० दिवसांनीं पुन्हां एकत्र येत. तेवढ्या अवधींत ३६५ दिवसांचीं ५२ वर्षें पुरीं होतात आणि २६० दिवसांचीं ७३. दर ५२ वर्षांनीं हें चक्र संपे, तेव्हां सूर्य पुन्हां उगवेल कीं नाहीं, अशी धास्ती असे. घरोघरचे विस्तव विझवीत, जुनीं भांडीं फोडून टाकीत, आणि मध्यरात्रीं कृत्तिकांचा पुंज माथ्यावरून पुढें सरकतो कीं नाहीं, याकडे पुरोहित टेकडीवरून डोळे लावून बसत. तारे पुढें सरकले म्हणजे नरबळीच्या छातीवर नवा अग्नि घुसळून काढीत आणि त्यावरून सगळ्या वस्तींत दिवे लागत. असा शेवटचा विधि इ. स. १५०७ मध्यें झाला. पुढची भेट १५५९ मध्यें यावयाची होती. पण त्यापूर्वींच, १५२१ मध्यें, स्पॅनिश सैन्यानें त्यांची राजधानी जिंकली होती.

समाईक भाग असला कीं भेट लवकर होते. पण भेट लांबणें हेंच हिताचें, असेंहि कित्येकदां असतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सिकाडा नांवाच्या कर्कश किड्याच्या कांहीं जाति १३ वर्षें व कांहीं जाति १७ वर्षें जमिनीखालीं मुळांतला रस पिऊन राहतात, आणि मग लक्षावधींच्या संख्येनें एकदम बाहेर पडतात. १३ आणि १७ या दोन्ही मूळ संख्या. त्यांत समाईक कांहीं नाहीं. म्हणून तेराचा एक ठराविक थवा आणि सतराचा एक ठराविक थवा २२१ वर्षांनींच एका वेळीं बाहेर येतात. इ. स. २०२४ मध्यें असे दोन थवे एकाच उन्हाळ्याच्या तोंडाशीं निघाले; त्यापूर्वीं ते १८०३ मध्यें एकत्र निघाले होते, आणि पुढें २२४५ मध्यें निघतील. या विचित्र आयुर्मानाची एक उपपत्ति अशी मांडण्यांत आली आहे कीं, दर चार किंवा सहा वर्षांनीं ज्यांची संख्या वाढते अशा शत्रूंशीं १२ वर्षांच्या किड्याची गांठ प्रत्येक खेपेस पडेल. १३ वर्षांच्या किड्याची चार वर्षांच्या शत्रूशीं गांठ ५२ वर्षांनीं आणि सहा वर्षांच्या शत्रूशीं ७८ वर्षांनीं पडेल.

यंत्रें बनविणारे कारागीरहि हीच युक्ति योजतात. २० दांत्यांचें लहान चक्र ४० दांत्यांच्या मोठ्या चक्रांत बसविलें, तर लहान चक्राचा एखादा बोथट दांता मोठ्या चक्राच्या त्याच दोन दांत्यांवर फिरून फिरून आदळत राहतो, आणि ते दोन लवकर झिजतात. मोठ्या चक्रास एकच दांता अधिक देऊन ४१ केले, तर तीच जोडी ८२० दांते सरकल्यावांचून पुन्हां भेटत नाहीं. मध्यंतरीं प्रत्येक दांता समोरच्या प्रत्येक दांत्यास भेटून येतो आणि झीज सर्वांत वांटली जाते.

तेव्हां घरीं मुलाचा अभ्यास घेणाऱ्यानें शिडी मांडावयास सांगण्यापूर्वीं त्याला दोनच गोष्टी विचाराव्या: उत्तर दिलेल्या संख्यांपेक्षां लहान असूं शकेल काय? आणि या संख्यांत समाईक काय आहे? त्यानंतर एखादें कोडें घालावें. टोपलींत आंबे आहेत. दोन दोन, तीन तीन, चार चार, पांच पांच किंवा सहा सहा असे कसेहि मोजले, तरी एक आंबा उरतो. सात सात मोजले म्हणजे मात्र एकहि उरत नाहीं. तर आंबे कमींत कमी किती? २ पासून ६ पर्यंतच्या सर्व संख्या प्रथम ६० वर भेटतात. म्हणून आंबे ६० च्या एखाद्या पटीहून एक अधिक असले पाहिजेत. ६१, १२१, १८१, २४१ या संख्यांना सातानें भाग जात नाहीं; ३०१ ला जातो. आंबे ३०१. आतां टोपली याहून मोठी असेल, तर त्याच अटी पाळणारी पुढची संख्या कोणती, हें मुलानें स्वतःच शोधावें. तें ६० आणि ७ यांच्या पहिल्या भेटीचा विचार करूं लागलें, तर प्रकरण त्याला समजलें असें खुशाल मानावें.